प्रो घेण्याआधी पेचकस घ्या

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलची एक पिढी साधारण सहा-सात वर्षं चालते आणि तिच्या मधोमध कंपन्या त्याच यंत्राची दणकट आवृत्ती काढतात. सोनीचा प्लेस्टेशन ४, म्हणजे पीएस४, नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, पीएस४ प्रो नोव्हेंबर २०१६ मध्ये. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन २०१३ चा, वन एक्स २०१७ चा. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला मिळू लागला आणि पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर देशांत आला. गेम तेच, खातं तेच, फक्त आतली ग्राफिक्स चिप मोठी. पीएस४ ची चिप १.८४ टेराफ्लॉप्सची (हा हिशेब करण्याचा वेग) होती, प्रोची ४.२. पीएस५ मध्ये ३६ कंप्यूट युनिट (चिपमधले हिशेब करणारे भाग) आहेत, प्रोमध्ये ६०.

आकडे बघून हात खिशाकडे जातो. पण घरातला कन्सोल ‘स्लो’ वाटतो तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष चिपचा नसतो. जागा भरलेली असते, जुनी हार्ड डिस्क रखडत असते किंवा पंख्यात दोन दिवाळ्यांची धूळ बसलेली असते. ही तिन्ही कामं घरी होतात. म्हणून आधी टीव्ही तपासा, मग स्टोरेज, मग गरमी, आणि एवढं करूनही समाधान झालं नाही तर प्रो.

टीव्ही

प्रो मॉडेल मुळात ४के पडद्यासाठी बनतात. १०८०पी टीव्हीवर पीएस४ प्रो कडा थोड्या मऊ करतो, काही गेममध्ये फ्रेम जास्त देतो, बस्स. तेवढ्यासाठी मोठी रक्कम घालण्यात आम्हाला तरी अर्थ दिसत नाही.

४के टीव्ही असूनही चित्र फिकं वाटत असेल तर बहुधा एचडीएमआय पोर्ट अर्ध्या ताकदीवर चालतोय. बरेच टीव्ही तसेच सेट होऊन येतात. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ या नावाची सेटिंग त्या-त्या पोर्टसाठी चालू करा. मग पीएस५ वर सेटिंग्ज → स्क्रीन अँड व्हिडिओ → व्हिडिओ आउटपुट → व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. किती रेझोल्यूशन, किती हर्ट्झ, एचडीआर आहे की नाही, सगळं तिथे लिहिलेलं असतं. १२० हर्ट्झ हवं तर टीव्हीचा पोर्ट तेवढं पेलणारा हवा आणि केबल कन्सोलच्या खोक्यात आलेलीच वापरा. जुन्या सेट-टॉप बॉक्सची केबल लावली की पडदा मधूनच काळा होतो आणि शंका मात्र कन्सोलवर येते.

पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी

पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असतं, हातात येतात ६६७. सात-आठ मोठे गेम टाकले की संपलं. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून आतला रिकामा एम.२ स्लॉट (एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, पट्टीच्या रूपात बसवायची खाच) वापरता येतो, आणि ते झाकण उघडायची सोय सोनीनेच दिलेली आहे.

खरेदीला निघताना हे कागदावर लिहून न्या: पीसीआयई चौथी पिढी, एनव्हीएमई, एम की, लांबी २२८०, वाचण्याचा वेग ५५०० एमबी प्रति सेकंद किंवा जास्त, क्षमता २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंत. (८ टीबीची मुभा सप्टेंबर २०२३ च्या अपडेटनंतरची. त्याआधी ४ होती.) आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा, हवाच. हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत, त्यातही एसएसडीच्या पट्टीच्या वर ८ आणि खाली २.४५ पेक्षा जास्त नाही, रुंदी २५ पर्यंत. इथे इंदुरात सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला “भिया, एकदम फिट बैठेगा” ऐकू आलं तरी पट्टीने मोजून घ्या. पीसीसाठी बनलेले उंच, पंख्यांचे हीटसिंक दिसायला रुबाबदार असतात, पण त्यांच्यावर स्लॉटचं झाकण बसत नाही.

खरेदीत दोन चुका नेहमीच्या. पहिली, एम.२ साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी घेणं. ती दिसते तशीच आणि स्लॉटमध्ये बसतेही, पण चालत नाही. ओळखायची खूण सोनेरी टोकाला: साटा पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या चौथ्या पिढीच्या पट्टीला एक. दुसरी चूक म्हणजे पाचव्या पिढीची महाग एसएसडी घेणं. पीएस५ तिला चौथ्या पिढीच्याच वेगाने पळवणार, वर ती जास्त तापणार. पैसे उरत असतील तर वेगापेक्षा क्षमतेत घाला. ७३०० आणि ५६०० मधला फरक खेळताना कळत नाही, १ टीबी आणि २ टीबी मधला दुसऱ्याच महिन्यात कळतो. पीएस५ एसएसडीला आपली मेमरी उसनी देत नाही (त्या सोयीला एचएमबी म्हणतात), त्यामुळे स्वतःची डीरॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, असलेली एसएसडी मिळाली तर बरी. नसली तरी काम अडत नाही.

हीटसिंक वेगळा घेतला असेल तर तो आधी टेबलावर बसवून घ्या. थर्मल पॅडला दोन्ही बाजूंनी पातळ पारदर्शक किंवा निळी फिल्म असते, ती काढायची. ती तशीच ठेवून हीटसिंक आवळणारे पुष्कळ. मग तासाभरात कन्सोल तापमानाची तक्रार करतो आणि लोक एसएसडी बदलून मागायला जातात. एसएसडीवरचं कंपनीचं स्टिकर मात्र सोलू नका, वॉरंटी जाते. पॅड त्याच्यावरच बसतो.

आता बसवणं. सामान एवढंच: पीएच१ मापाचा फिलिप्स पेचकस, एक टॉर्च, पेच ठेवायला वाटी, टेबलावर अंथरायला मऊ सुती कापड.

१. कन्सोल अपडेट करा आणि पूर्ण बंद करा. रेस्ट मोड नाही, दिवा विझलाच पाहिजे. सगळ्या केबल काढा. अर्धा तास थंड होऊ द्या.

२. लोकरीचा स्वेटर घालून किंवा नायलॉनच्या गालिच्यावर बसून हे काम करू नका. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा कोरडी असते आणि अंगावरची स्थिर वीज चिपला पुरेशी ठरते. आधी लोखंडी कपाटासारख्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा. एसएसडी कडेने धरा, सोनेरी टोकाला बोट नको.

३. स्टँड काढा. डिस्क ड्राइव्हची बाजू खाली, चालू-बंदचं बटण डाव्या हाताला अशा रीतीने आडवा ठेवा. उजवीकडचा पलीकडचा कोपरा हळूच उचला आणि पांढरं कव्हर डावीकडे सरकवा. ‘कट्’ असा आवाज येतो, पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण तो आवाज खुंट्या सुटल्याचा आहे. नुसतं वर ओढलं तर मात्र खुंट्या खरंच तुटतात. स्लिममध्ये (पीएस५ ची नंतरची सडपातळ आवृत्ती) कव्हर चार तुकड्यांत आहेत आणि ती सरकवायची नसून कोपऱ्याकडून उचलून काढायची.

४. लांबट धातूचं झाकण दिसेल, त्याला एकच पेच. तो काढून वाटीत.

५. आत स्लॉटच्या लांबीवर भोकं आहेत: ३०, ४२, ६०, ८०, ११०. ११० च्या भोकात एक पेच आणि त्याखाली एक बारीक कडी, म्हणजे स्पेसर, बसवलेला असतो. कानातल्या फुलाची फिरकी असते ना, तेवढाच. पेच काढा, स्पेसर उचलून ८० च्या भोकावर ठेवा. ही फिरकी हरवली तर एसएसडीचं शेपूट हवेत राहतं, पेच आवळल्यावर पट्टी वाकते आणि हळूहळू संपर्क सुटतो. म्हणून हे काम पंख्याखाली, सतरंजीवर बसून करायचं नाही. पेच कन्सोलच्या आत पडलाच तर हलवून बघू नका. टॉर्चने शोधा, चुंबकी टोकाच्या पेचकसाने उचला.

६. एसएसडीची खाच आणि स्लॉटमधला दात जुळवा. साधारण तीस अंशांच्या तिरप्या कोनात आत ढकला. सोनेरी पट्टी जवळजवळ सगळी आत गेली पाहिजे. मग दुसरं टोक बोटाने खाली दाबून धरा आणि स्पेसरवर पेच लावा. पेच टेकला की थांबा. ताकद दाखवण्याची जागा ही नाही.

७. धातूचं झाकण परत लावा. ते ठेवून दिलं तर चालणार नाही, कारण पंखा त्या जागेतून हवा खेचतो त्याचा हिशेब झाकण धरून केलेला आहे. पांढरं कव्हर खाचेत ठेवून उजवीकडे सरकवा.

८. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला विचारतो. एसएसडीवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल. शेवटी वाचण्याचा वेग दाखवतो. ५५०० पेक्षा थोडा कमी आला तरी बहुतेक गेम चालतात. निम्म्यावर आला तर एसएसडी काढून पुन्हा बसवा.

मग सेटिंग्ज → स्टोरेज → इन्स्टॉलेशन लोकेशनमध्ये जाऊन नव्या गेमची जागा एम.२ करा. हे राहिलं की नवी एसएसडी रिकामी आणि जुनी भरलेली असा प्रकार होतो. जुने गेम हलवायला डाउनलोड लागत नाही, मूव्ह करा, मिनिटांत होतं.

एसएसडी दिसतच नाही अशी वेळ आली तर शंभरपैकी नव्वद वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते. उरलेल्यांत साटा.

एवढा खर्च नको असेल तर यूएसबी ड्राइव्हचा उपयोग होतो, पण अर्धाच. २५० जीबी ते ८ टीबीची यूएसबी ड्राइव्ह लावून तिच्यावरून पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळायला परत आत आणावे लागतात. ज्या घरात इंटरनेट मोजून मिळतं तिथे ही सोयही कमी नाही.

पीएस४: हार्ड डिस्क काढा

इथे फरक सगळ्यात जास्त दिसतो, आणि तोही थोडक्या पैशांत. पीएस४ मध्ये ५४०० फेऱ्यांची लॅपटॉपची डिस्क आहे. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी लावली की गेम उघडायचा वेळ ठळकपणे उतरतो. साध्या पीएस४ ची साटा जोडणी जुन्या वेगाची, ३ गिगाबिटची आहे, प्रोची ६ ची. म्हणून महागडी एसएसडी नको, भरवशाची साधी पुरे. जाडी ९.५ मिलिमीटरपर्यंत चालते. एसएसडी ७ च्या असतात, त्या पेचांनी पिंजऱ्यात नीट बसतात. ५ टीबीच्या २.५ इंची हार्ड डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, त्या आत जातच नाहीत.

आधी ट्रॉफी सिंक करा, कारण त्या बॅकअपमध्ये येत नाहीत. मग सेव्ह फायली पेनड्राइव्हवर घ्या. सगळ्याच गेमचा बॅकअप घ्यायचा तर सेटिंग्ज → सिस्टिम → बॅकअप अँड रिस्टोअर, पण त्याला रात्र लागते. डिस्कवरचे गेम असतील तर तो उद्योग सोडून द्या.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर सिस्टिम सॉफ्टवेअर. इथे घोळ होतो. प्लेस्टेशनच्या साइटवर दोन फायली असतात: अपडेटची आणि रीइन्स्टॉलची. रिकाम्या डिस्कला दुसरी लागते. आकाराने मोठी ती. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून तिच्यात ‘पीएस४’ नावाचं फोल्डर, त्यात ‘अपडेट’ नावाचं, त्यात फाइल. दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ब्राउझरने फाइलच्या नावापुढे कंसात १ लावला असेल तर तो काढा, नाहीतर कन्सोलला ती फाइल सापडत नाही.

जाड पीएस४ मध्ये वरच्या झाकणाचा चकचकीत भाग बाहेर सरकतो, स्लिम आणि प्रोमध्ये मागच्या कोपऱ्याचा छोटा तुकडा निघतो. आत त्रिकोण-गोल-फुली-चौकोन कोरलेला एक पेच दिसेल. हाच सोडवायचा. तो काढून पिंजरा ओढा, बाजूचे चार पेच काढून डिस्क बदला, त्याच दिशेने परत ढकला.

आता चालू-बंदचं बटण सात सेकंद दाबून धरा, दुसरी ‘बीप’ आली की सोडा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर केबलने जोडायला सांगेल. मोबाइल चार्जरची स्वस्त केबल फक्त वीज नेते, डेटा नेत नाही. तिने कंट्रोलर ओळखलाच जात नाही आणि लोक समजतात कन्सोल गेला. केबल बदला. यादीतला सातवा पर्याय, इनिशियलाइझ पीएस४ (रीइन्स्टॉल), निवडा. त्या दहा-वीस मिनिटांत वीज जाऊ नये, म्हणून हे काम यूपीएसवर करा.

एक्सबॉक्स, स्विच

सिरीज एस आणि एक्समध्ये आत उघडण्यात काही मिळत नाही. पाठीमागच्या खाचेत एक्स्पान्शन कार्ड घालायचं, झालं. महाग पडतं, पण त्याच्यावरून सिरीजचे गेम पूर्ण वेगाने चालतात. साध्या यूएसबी ड्राइव्हवर ते फक्त साठवता येतात. २०२३ ची काळी १ टीबीची सिरीज एस आणि २०२४ ची २ टीबीची सिरीज एक्स यांत जागा वाढली, ताकद तीच. नाव बघून फसू नका.

निन्टेन्डोचा स्विच भारतात अधिकृतपणे विकला गेला नाही, इंदुरात जे आहेत ते बाहेरून आलेले. सेकंडहँड घेताना मॉडेल क्रमांकाच्या शेवटी कंसात ‘-०१’ आहे का बघा. ते २०१९ पासूनचे, बॅटरी साडेचार ते नऊ तासांची. त्याआधीची अडीच ते साडेसहा. ओएलईडी मॉडेलचा पडदा सुंदर, गेमचा वेग तोच. स्विच २ ला जुनं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं.

गरमी आणि धूळ

पीएस४ आणि पीएस५ दोन्ही ५ ते ३५ अंशांच्या खोलीसाठी बनलेले आहेत. मे महिन्यात दुपारी बाहेर ४० च्या वर पारा असतो आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली ३५ च्या आत राहत नाही. दुपारी कूलर किंवा एसीशिवाय मोठा गेम लावू नका. मालव्याची रात्र अजून थंड होते, खेळ आणि डाउनलोड तेव्हा. कूलरची ओली हवा मात्र थेट कन्सोलवर नको.

काचेची दारं असलेल्या शोकेसमध्ये, देवघराशेजारी, वर क्रोशाचा रुमाल अंथरून ठेवलेला कन्सोल आम्ही फोटोतही बघू शकत नाही. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर मागे-बाजूला मोकळं हवं. आजीला रुमाल घालायचाच असेल तर बंद कन्सोलवर घालू द्या, चालू करताना काढा.

पीएस५ चं कव्हर काढल्यावर कडेला दोन गोल भोकं दिसतात, धूळ पकडायची. व्हॅक्यूम क्लीनर कमी वेगावर लावून ती ओढून घ्या. पंख्याच्या पात्यांवर मऊ ब्रश फिरवा, पण पंखा बोटाने अडवून. हवेच्या झोताने तो गरगर फिरवला तर बेअरिंगला मार बसतो. वर्षातून दोनदा पुरे: दिवाळीच्या आवरासावरीत आणि रंगपंचमीनंतर. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी कन्सोलच्या सगळ्या केबल काढून तो पिशवीत बांधून कपाटात ठेवावा. गुलाल धुळीपेक्षा बारीक असतो, हीटसिंकच्या पत्र्यांत शिरला की ब्रशने निघत नाही.

पीएस५ यापुढे उघडू नका. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये द्रवरूप धातू आहे. तो वीजवाहक असतो, शेजारच्या बोर्डवर थेंब गेला तर कन्सोल संपला. तिथे सोनारानेच कान टोचावेत. पीएस४ मध्ये साधी थर्मल पेस्ट आहे, चार-पाच वर्षांत ती वाळते आणि पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. मध्ये भोक असलेला टॉर्क्स पेचकस (टी-८ किंवा टी-९) आणि थोडा धीर असेल तर ते घरी होतं. पंख्याची तार ओढू नका, जोडणीचा प्लास्टिकचा भाग धरून सोडवा. पॉवर सप्लायचा डबा अजिबात उघडायचा नाही.

यूपीएस घ्यायचाच तर हिशेब असा: ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो. खेळताना पीएस५ दोनशे वॅटच्या आसपास खातो, मोठा टीव्ही शंभर-दीडशे. म्हणजे काठावर. १००० व्हीएचा घ्या, किंवा टीव्ही सोडून कन्सोल आणि राउटर एवढेच त्यावर ठेवा.

तरी प्रो हवाच असेल तर

पीएस४ प्रो आता सेकंडहँडच. मागच्या लेबलवर ७०००, ७१०० किंवा ७२०० मालिकेचा क्रमांक असतो. ७२०० घ्या, तो सगळ्यात शांत. लांबूनच ओळखायचं तर वीजकेबल बघा: पहिल्या दोहोंना कॉम्प्युटरची जाड तीन पिनांची लागते, ७२०० ला रेडिओसारखी आठच्या आकाराची. दुकानात पाच मिनिटं मेन्यू बघून उपयोग नाही. जड गेम वीस मिनिटं चालवा, पंखा ऐका, डिस्क घालून काढून बघा, एचडीएमआयची केबल हलवून चित्र जातं का बघा, आणि स्वतःच्या खात्याने ऑनलाइन लॉगिन करा. बंदी घातलेला कन्सोल तिथेच उघडा पडतो.

पीएस५ प्रो जाहीर झाला तेव्हा सोनीने सांगितलं की वायफाय ७ चा ६ गिगाहर्ट्झ पट्टा ज्या देशांत खुला नाही, तिथे तो विकणार नाही, आणि त्या यादीत भारताचं नाव होतं. त्यामुळे इथल्या बाजारात दिसू लागले ते दुबई-सिंगापूरकडून आलेले. चालतात, पॉवर सप्लायही २४० व्होल्टपर्यंतचा आहे, पण वॉरंटी कोणत्या देशाची हे बिलावर लिहून घ्या. त्यात डिस्क ड्राइव्ह नसतो, वेगळा घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. २ टीबी जागा मात्र आतच मिळते, म्हणजे एसएसडीचा खर्च काही काळ वाचतो.

जुन्यातून नव्यात डेटा न्यायला दोन्ही कन्सोल एकाच राउटरला लॅन केबलने जोडा, वायफायने रात्र जाईल. नव्यावर सगळे सेव्ह उघडून बघितल्याशिवाय जुना पुसू नका. मग जुन्यावर कन्सोल शेअरिंग बंद करा, फॅक्टरी रीसेट करा, आणि विकायला देण्याआधी तुमची एम.२ एसएसडी काढून घ्या. स्पेसर परत ११० च्या भोकावर, पेच त्यावर, झाकण बंद. पुढच्याला ती फिरकी शोधत बसायला लागू नये.